हॉलंडच्या राजाखाली शून्य

पुणे,
१२ नोव्हेंबर १९७९

चि. पद्मा,

तुला, चारुदत्तरावांना आणि वीणाला आशीर्वाद. दिवाळीचा फराळ एकट्यापुरता म्हणून केला नाही, पण शेजारपाजारच्या मंडळींनी डबे भरून आणले. चकल्या खाऊन दाढ दुखली, ती आता बरी आहे.

एक महत्त्वाची बातमी. आपल्या घराण्याचा कुलवृत्तांत छापायचं अखेर ठरलं आहे. मंडळाने वंशवृक्ष काढायचं काम माझ्या गळ्यात घातलं. सरकारी बांधकाम खात्यात जन्मभर पुलांचे आणि शाळांचे नकाशे काढले, आता माणसांचे काढतो. पूल बरे, ते उलट बोलत नाहीत. परवा एक गृहस्थ दोन तास भांडून गेले, का, तर त्यांचे पणजोबा मी धाकट्या पातीत टाकले. अहो, होतेच ते धाकटे!

नियमावली मीच लिहिली आहे. वंश पुत्राकडून पुत्राकडे जातो. कन्येचं नाव चौकटीत येत नाही, खाली टीपेत तिचं सासर देतात. ज्याच्या पुढे पुत्र नाही त्याच्या नावाखाली एक छोटं शून्य. त्यामुळे आपल्या चौथ्या शाखेत दादाच्या, म्हणजे तुझ्या बाबांच्या नावाखाली शून्य येईल. मनाला लावून घेऊ नकोस, ही फक्त खूण असते. टीपेसाठी चारुदत्तरावांचं मूळ गाव आणि वीणाची जन्मतारीख कळव.

तिकडे आता उन्हाळा लागला असेल. वीणाला उन्हात हिंडू देऊ नकोस.

तुझा
बाळकाका


पेंडल हिल, सिडनी
३ डिसेंबर १९७९

ती. बाळकाका,

नमस्कार. तुमचं पत्र आलं तेव्हा मी वरण फोडणीला टाकत होते. वाचता वाचता फोडणी जळली. चारूने ते वरण मुकाट्याने खाल्लं, यावरून माझा चेहरा कसा झाला असेल ते ओळखा.

शून्य? माझ्या बाबांच्या नावाखाली? मग मी कोण? तुमच्या सायकलच्या दांडीवर बसून शाळेत जायची ती कोण होती, टीप?

हे असं सगळं डोक्यात घेऊन मी शनिवारी शेजारी गेले. शेजारच्या मिसेस दे व्रीस तुम्हाला माहीत नाहीत. त्या डच आहेत, सत्तर वर्षांच्या. युद्धानंतर नवऱ्याबरोबर बोटीने इथे आल्या. आता एकट्याच असतात. मी हॉस्पिटलच्या लॅबमधून परत येईपर्यंत वीणा शाळा सुटली की त्यांच्याकडे असते. ती त्यांना ‘ओमा’ म्हणते, म्हणजे डचमध्ये आजी. त्यांच्या घरात एक गंमत आहे. वाढदिवसांचं कॅलेंडर त्या संडासात लावतात! दाराच्या आतल्या बाजूला. हॉलंडमध्ये म्हणे घरोघरी हीच रीत. रोज नजर पडते, म्हणून कुणाचा वाढदिवस विसरत नाही. त्यात त्यांच्या राणीचा आहे, राजकन्यांचा आहे आणि ऑक्टोबरमध्ये आमच्या वीणाचाही आहे.

आणि पॅसेजमध्ये त्यांच्या राजघराण्याची वंशावळ, फ्रेम करून. ऑरेंज-नासाउ घराणं. (संत्र्याचा संबंध नाही, ते फ्रान्समधल्या एका गावाचं नाव.) तुमच्यासाठी उतरवून घेतली. पहिला विल्यम राजा, त्याचा मुलगा दुसरा विल्यम, त्याचा तिसरा विल्यम. तिसऱ्याला तीन मुलगे. तिघेही बापाच्या आधी वारले. पहिली राणी वारल्यावर म्हाताऱ्या राजाने तरुण एम्माशी दुसरं लग्न केलं होतं. तिला एकच मुलगी, विल्हेल्मिना. राजा १८९० मध्ये वारला आणि ती दहा वर्षांची पोर राणी झाली. ती मोठी होईपर्यंत आईने राज्य सांभाळलं. विल्हेल्मिनाला एकच मुलगी, युलियाना, ती आत्ताची राणी. युलियानाला चार मुली. थोरली बेआट्रिक्स, तिला तीन मुलगे.

बघा काका. मुलगी, मग मुलगी, मग पुन्हा मुलगी. आणि घराणं चाललंय की दिमाखात! ही वंशावळ तुम्ही तुमच्या सुरेख हाताने एकदा काढून बघाच. वीणाची जन्मतारीख मी मुळीच कळवणार नाही. टीपेत घालायला नाही दिलेली ती मला देवाने.

तुमची
पद्मा

ता. क. दाढ दाखवलीत का? बरी झाली असं तुम्ही मागच्या वर्षीही लिहिलं होतं.


पुणे,
६ जानेवारी १९८०

चि. पद्मा,

अनेक आशीर्वाद. तुझा राग पोचला. एरोग्रामवर इतकी घट्ट अक्षरं पहिल्यांदाच पाहिली.

आधी एक विचारतो. संडासात? राणीचं नाव? आपल्याकडे पंचांग देवघराशेजारी असतं! बाईंना माझा नमस्कार सांग, पण ही रीत काही माझ्या गळी उतरत नाही.

तू म्हणालीस म्हणून ती वंशावळ काढली. आपल्याच नियमांनी काढली, कारण एका मापाने मोजल्याशिवाय तुलना होत नाही. चांगले दोन दिवस लागले. ट्रेसिंग सोबत पाठवतो आहे. निष्कर्ष मात्र तुला आवडणार नाही. पहिला विल्यम, दुसरा, तिसरा. तिसऱ्याचे तीन पुत्र, तिघांखाली शून्य. विल्हेल्मिना टीपेत: ‘कन्या १, सासर मेक्लेनबुर्ग.’ संपलं. हे घराणं १८९० सालीच बुडालेलं आहे.

तू म्हणशील, युलियाना? ती बापाकडून मेक्लेनबुर्गची. बेआट्रिक्स? तिचे वडील लिप्पे घराण्यातले, म्हणजे ती लिप्पे. आणि ते तीन मुलगे आम्सबर्गांचे. त्यांचा कुलवृत्तांत आम्सबर्गांनी छापावा. यात ऑरेंज कुठे राहिलं? बाईंना माझ्यातर्फे दुःख कळव, पण जरा हळूच सांग. वय झालं आहे त्यांचं.

आता आपलं. नियम मी दादासाठी वाकवला तर उद्या ते पणजोबावाले गृहस्थ दारात उभे राहतील. आणि अगं, पहिलं शून्य मी कुणाच्या नावाखाली काढलं माहीत आहे? माझ्या. लग्न केलं नाही, पुढे कोण येणार? शाई वाळू दिली आणि पुढचं नाव लिहायला घेतलं. मग तुझ्या बाबांच्या वेळी तूच एवढी का चिडतेस?

दाढ काढून टाकली. आता बरी आहे.

तुझा
बाळकाका


पेंडल हिल
१० फेब्रुवारी १९८०

ती. बाळकाका,

नमस्कार. तुमचं ट्रेसिंग मी मिसेस दे व्रीसना दाखवलं. हळूच सांगितलं, तुम्ही म्हणालात तसं. त्यांनी चष्मा लावला, बोट फिरवत फिरवत तिसऱ्या विल्यमपर्यंत आल्या, खालची ती तीन शून्यं बघितली आणि इतक्या हसल्या, इतक्या हसल्या की मला पाणी द्यावं लागलं. “पाड्मा, नव्वद वर्षं झाली आम्हाला मरून, आणि कुणी कळवलंसुद्धा नाही!”

पण मग डोळे पुसताना त्या खरंच रडायला लागल्या. कारण जानेवारीच्या शेवटी युलियाना राणीने टीव्हीवर सांगितलं की ती एप्रिलमध्ये मुलीला गादी देऊन बाजूला होणार. राणी आणि मिसेस दे व्रीस एकाच वर्षी जन्मलेल्या. “आम्ही दोघी बरोबरच म्हाताऱ्या झालो,” म्हणाल्या. मी त्यांच्यासाठी आल्याचा चहा केला. त्यांना तो तिखट लागतो, पण पितात.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी दिलंय, जसंच्या तसं लिहिते. “तुझ्या काकाला विचार, युलियाना कुणाच्या मांडीवर वाढली? विल्हेल्मिनाच्या. मग ती मेक्लेनबुर्गची कशी?” आणि म्हणे ऑरेंज हे नावच मुळात त्या घराण्यात कुणाच्या तरी आईच्या माहेरून आलं. घ्या!

अजून ऐका. लक्झेंबर्ग नावाचा चिमुकला देश आहे, तिथेही हाच तिसरा विल्यम राज्य करायचा. पण तिथला नियम तुमच्यासारखा. लांबचा का होईना, पुरुष शिल्लक असेल तर मुलगी चालायची नाही. म्हणून १८९० साली त्यांनी विल्हेल्मिनाला सोडून एक लांबचा म्हातारा भाऊबंद आणून बसवला. त्याच्या मुलाला पुढे काय झालं? सहा मुली! सहाही मुली, काका! शेवटी नियम बदलावा लागला. मिसेस दे व्रीस म्हणतात, तुझ्या काकाला तिकडे चांगली नोकरी मिळाली असती.

आता थट्टा पुरे. तुम्ही विचारलंत, मी का चिडते. बाबा गेले तेव्हा मी अकरा वर्षांची होते. भेटायला येणारा जो तो आईला म्हणायचा, “मुलगा नाही हो बिचाऱ्याला.” दहाव्या दिवशी कोण तरी बाई पुन्हा तेच म्हणाल्या. तुम्ही बाहेरून आला होतात, धोतर ओलं होतं. तुम्ही सगळ्यांसमोर माझ्या डोक्यावर हात ठेवलात आणि ओरडलात, “ही आहे ना! ही कोण आहे मग?” तुम्ही कधी ओरडत नाही, म्हणून मला ते पक्कं आठवतं. त्यानंतर कुणी तसं म्हणालं नाही.

आणि आता तेच तुम्ही स्वतःच्या हाताने छापणार? दोनशे घरांत ते पुस्तक जाईल आणि दोनशे घरांत माझ्या बाबांच्या पुढे कुणी नव्हतं असं होईल. मी इतकी लांब आले, बाबांचं माझ्याजवळ काही नाही, एक फोटो आहे आणि त्यांचं नाव. ते नाव माझ्यापर्यंत येतं एवढंच मला त्या पुस्तकात बघायचंय. नसेल तर पुस्तक मला पाठवू नका. मला ते उघडवणार नाही.

रागावले आहे, पण नमस्कार मनापासून आहे.

पद्मा


पेंडल हिल
३ मे १९८०

डिअर बाळआजोबा,

मी वीणा. हे पत्र मी स्वतः मराठीत लिहिते आहे आणि मम्मी चेक करणार नाही, कारण तिला माहीत नाही. तुमचं पत्र किती दिवस आलं नाही. मम्मी रोज लेटरबॉक्स बघते आणि म्हणते मला काय त्याचं. पप्पा मला म्हणाले, शी इज वरीड, मेट, तूच लिही.

बुधवारी ओमाकडे पार्टी होती. हॉलंडला न्यू क्वीन आली म्हणून. इव्हिनिंगला सगळ्या डच आंट्या आल्या, त्यांनी ऑरेंज रिबिन लावली होती. मम्मीने गाजर हलवा केला कारण तो ऑरेंज असतो. त्या म्हणाल्या, व्हेरी नाइस, व्हॉट इज इट. ओमा टीव्ही बघून रडली आणि मग तीन वेळा हलवा घेतला.

स्कूलमध्ये आम्ही फॅमिली ट्री केला. मी तुम्हाला फोटोकॉपी पाठवते. पप्पांच्या साइडला आजीआजोबा दोन्ही आहेत. मम्मीच्या साइडला ग्रँडपा वारले, मी त्यांना बघितलं नाही. मी मिस् ला विचारलं, मम्मीला सायकलवर कोणी शाळेत नेलं, तो माणूस कुठे येतो? मिस् म्हणाली, पुट हिम वेअर ही बिलाँग्ज. म्हणून मी ग्रँडपाच्या बाजूला तुम्हाला बॉक्स दिला आणि तुमच्यापासून मम्मीपर्यंत पण लाइन काढली. मग माझ्यापर्यंत. ती थोडी वाकडी आली. ओके आहे ना?

ओमाने तुमचा बर्थडे पण टॉयलेटमध्ये लिहिला.

लव्ह,
वीणा


पुणे,
८ जून १९८०

चि. पद्मा,

तुला आणि घरच्या सर्वांना अनेक आशीर्वाद.

इतके दिवस पत्र नाही म्हणून काळजीत असशील. उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला. ट्रंककॉल करून तुला घाबरवायचं नव्हतं. शेजारच्या शैलेंद्रने सगळं केलं, जेवणाचा डबासुद्धा तोच आणायचा. आता जाड भिंगाच्या चष्म्यातून सगळं जरा जास्तच मोठं दिसतं. तुझं फेब्रुवारीचं पत्र ऑपरेशनआधीच वाचलं होतं. उत्तर लिहायला घेतलं की दर वेळी पहिल्याच ओळीवर अडायचो. ते ओलं धोतर मी विसरलो होतो. तू विसरली नाहीस.

गेल्या रविवारी मंडळाची सभा अध्यक्षांच्या, नानांच्या घरी होती. हॉलंडच्या वंशावळीचा मूळ नकाशा माझ्याकडेच होता, तो नेला आणि नावं झाकून भिंतीवर लावला. विचारलं, “या घराण्याचं काय झालं?” नाना म्हणाले, “बाळासाहेब, हे तर बुडालं. खाली सगळी शून्यंच आहेत.” बाकीचेही माना डोलावून ‘च् च्’ करायला लागले. मग मी नावं उघडली आणि वर्तमानपत्रातला त्या नव्या राणीचा फोटो खाली चिकटवला. म्हटलं, “ही महिन्यापूर्वी गादीवर बसली. आपला नियम म्हणतो, ही नाहीच.”

जो गलका झाला! एक म्हणाले, ती म्लेंच्छांची रीत. दुसरे म्हणाले, राणीची गोष्ट वेगळी. मी लक्झेंबर्गच्या सहा मुली सांगितल्या. तेवढ्यात सुनीतीवहिनी, नानांच्या पत्नी, पोह्यांच्या बशा घेऊन आल्या त्या तशाच दारात थबकल्या. त्यांना दोघी मुलीच. म्हणाल्या, “अहो बाळभावजी, मग आमच्या यांच्या नावाखाली काय काढलंत?” मी म्हटलं, “वहिनी, तुमची शाखा अजून काढायची आहे. पण नियमाने शून्यच.” वहिनींनी सगळ्यांना पोहे दिले. नानांची बशी तेवढी हातातच ठेवली. नाना हवालदिल! “अहो, काहीतरी मार्ग काढा,” म्हणाले मला.

मार्ग निघाला तो असा की कन्येचं नाव चौकटीत घ्यायचं, पण वरून येणारी रेघ तुटक काढायची. मंडळ खूश. मी घरी येऊन दादाच्या नावाखाली तुटक रेघ काढायला बसलो आणि हात थांबला. आमच्या ड्रॉइंगमध्ये तुटक रेघ कधी काढतात सांगू? वस्तूची एखादी कड असते, पण समोरून दिसत नाही, मागे दडलेली असते, तेव्हा. मी स्वतःशीच म्हटलं, अरे, ही दडलेली कुठे आहे? सिडनीहून इतकं ठणकावून लिहिते! ती मला चांगली दिसते आहे, आता तर नव्या डोळ्याने जरा जास्तच मोठी दिसते. सरळ पूर्ण रेघ काढली. दादा, त्याखाली पद्मा, त्याखाली वीणा. नानांना जाऊन सांगितलं की तुटक रेघा छापताना फुटतात. खोटं बोललो. त्यांना कळलं असावं, पण ते म्हणाले, “आमच्याही दोघींना तशीच काढा.” आता सगळ्याच मुलींना पूर्ण रेघ आहे. काम दुप्पट झालं. पणजोबावाले गृहस्थ पुन्हा येऊन गेले, या वेळी नातींची नावं घेऊन.

प्रुफाचं पान सोबत आहे. दादाच्या नावावर बोट ठेव आणि खाली ये. तूच सापडशील. वीणाची जन्मतारीख मात्र मला अजून दिलेली नाहीस, ती आता कळव. जन्मस्थळ सिडनी असंच छापणार आहे.

माझ्या नावाखालचं शून्य मी ठेवलं आहे. ते बरोबरच आहे. मला मूल नाही, आणि खोटी रेघ मी काढणार नाही. ते बघून पुन्हा चिडू नकोस.

पण वीणाने पाठवलेलं तिच्या शाळेचं झाड मी टेबलावर काचेखाली ठेवलं आहे. त्यात माझ्या चौकटीतून एक रेघ निघते, तुझ्याकडे येते आणि पुढे तिच्याकडे जाते. वाकडी आहे. दोन ठिकाणी खोडून पुन्हा काढलेली दिसते. पद्मा, जन्मभर रेघा काढल्या मी. सकाळी चहा घेऊन बसतो ते त्या एका रेघेकडे बघत बसतो, आणि चहा निवून जातो. डॉक्टरांनी डोळ्यात पाणी येऊ देऊ नका म्हणून बजावलं आहे, ते काही जमत नाही.

बाईंना सांग, वाढदिवस लिहिला त्याबद्दल आभारी आहे. राण्यांच्या शेजारी जागा मिळाली, मग ती कुठे का असेना.

आणि वीणाला म्हणावं, पुढच्या वेळी पट्टी घेऊन रेघ मारत जा.

नको. तिला काही सांगू नकोस.

तुझा
बाळकाका